पटेल, बाबूराव

(१९०४–१९८२). भारतातील विख्यात चित्रपटसमीक्षक, ‘फिल्मइंडिया’ या इंग्रजी मासिकाचे संस्थापक-संपादक, काही काळ चित्रपट-दिग्दर्शक आणि उत्तरायुष्यात लोकसभेचे सदस्य. जन्म पालघरजवळील मासवण या गावी, मराठी कुटुंबात. हा भाग त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यांचे मूळ आडनाव पाटील. पुढे त्यांनी ‘पटेल’ हे रूप स्वीकारले आणि तेच रूढ झाले. या बदलामुळे, तसेच त्यांचे बहुतेक सर्व महत्त्वाचे लेखन इंग्रजीत असल्यामुळे, ते मराठी भाषक होते ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकांच्याही सहसा ध्यानात राहिली नाही. मराठी चित्रपटसृष्टीच्या इतिहासात बाबूराव नावाच्या व्यक्ती अनेक आहेत. कोल्हापूरचे कलामहर्षी बाबूराव पेंटर, अभिनेते बाबूराव पेंढारकर व चित्रपट-वितरक बाबूराव पै ही नावे मराठी वाचकाला परिचयाची असतात. ज्याच्या एका परिच्छेदाची निर्मात्यांना धास्ती वाटे, तो चौथा बाबूराव मात्र या मालिकेत बहुधा गाळला जातो.

पटेल यांचे औपचारिक शिक्षण फारसे झाले नाही. इंग्रजी त्यांनी मुख्यत्वे वाचनाने आणि पत्रकारितेतील उमेदवारीने कमावले. मूकपटांच्या काळात, १९२६ च्या सुमारास, ते ‘सिनेमा समाचार’ या नियतकालिकातून लिहू लागले. चित्रपटविषयक पत्रकारिता तेव्हा नुकतीच आकार घेत होती. मुंबईत १९२४ मध्ये ‘मौज-मजा’ हे गुजराती साप्ताहिक निघाले होते. दैनिकांतून चित्रपटांबद्दल जे छापून येई, त्याचा बराच भाग चित्रगृहांनी व निर्मितिसंस्थांनी पुरविलेल्या मजकुराचा असे. पटेल केवळ लेखनावर थांबले नाहीत. त्यांनी ‘किस्मत’ (१९२९) हा मूकपट आणि पुढे ‘महाराणी’ (१९३४) यांसारखे बोलपट दिग्दर्शित केले. दिग्दर्शक म्हणून त्यांना नाव मिळाले नाही. परंतु चित्रणगृहातील कामाची प्रत्यक्ष माहिती त्यांना याच वर्षांत झाली, आणि समीक्षक म्हणून त्यांच्या शब्दाला जे वजन आले त्यात या माहितीचा वाटा मोठा आहे. कोणते दृश्य किती दिवसांत उरकले असेल, कोठे पैसा वाचविला आणि कोठे उधळला, हे त्यांना पडद्यावरून ओळखता येई.

‘फिल्मइंडिया’ची स्थापना : पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १९३१ मध्ये आणि प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये प्रदर्शित झाला. त्यानंतरच्या तीनचार वर्षांत मुंबई, पुणे, कोल्हापूर, कलकत्ता व मद्रास येथील निर्मिती झपाट्याने वाढली, चित्रगृहांची संख्या वाढली आणि नटनट्यांभोवती प्रसिद्धीचे वलय निर्माण झाले. बोलपटांच्या भाषा अनेक असल्या, तरी त्यांच्याविषयी सर्व प्रांतांत वाचले जाईल असे नियतकालिक इंग्रजीतच निघणे त्या काळी व्यवहार्य होते. चित्रपटांचे प्रसिद्धिसाहित्य छापणाऱ्या न्यू जॅक मुद्रणालयाचे डी. के. पारकर यांच्या सहकार्याने पटेल यांनी एप्रिल १९३५ मध्ये मुंबईहून ‘फिल्मइंडिया’ सुरू केले. मासिकाचा उगम मुद्रणालयात झाला, आणि त्या मुद्रणालयाचे ग्राहक चित्रपटनिर्माते होते, ही बाब पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मासिक अल्पावधीत स्थिरावले. गुळगुळीत कागद, मोठा आकार, रंगीत मुखपृष्ठ आणि निर्मितिसंस्थांच्या पूर्ण पानांच्या जाहिराती यांमुळे त्याचे बाह्यरूप त्या काळच्या अन्य भारतीय नियतकालिकांहून उठून दिसे. एस. एम. पंडित यांच्यासारख्या चित्रकाराने त्यासाठी काम केले. भित्तिपत्रकांच्या भारतीय परंपरेचा अभ्यास करणाऱ्यांना ही पाने आजही उपयोगी पडतात. अंकात संपादकीय असे, तयार होत असलेल्या चित्रपटांचे वृत्त असे, ‘जुडास’ या टोपणनावाने लिहिले जाणारे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील घडामोडींचे खुसखुशीत व अनेकदा विखारी सदर असे, आणि वाचकांच्या प्रश्नांना संपादकाने दिलेली उत्तरे असत. या सर्वांपेक्षा अधिक उत्सुकतेने पाहिली जाणारी पाने परीक्षणांची होत.

परीक्षणपद्धती : ‘फिल्मइंडिया’तील परीक्षणाची मांडणी ठरीव होती. आरंभी एका चौकटीत चित्रपटाचा तपशील दिला जाई : निर्माता, भाषा, कथा, गीते, छायालेखन, ध्वनिलेखन, दिग्दर्शक, प्रमुख कलावंत, चित्रपट मुंबईत कोणत्या चित्रगृहात व कोणत्या तारखेला प्रदर्शित झाला. त्यानंतर ठळक शीर्षक येई, आणि बहुधा निकाल त्या शीर्षकातच लागलेला असे. पुढे कथानकाचा गोषवारा, निर्मितीविषयी अभिप्राय व प्रत्येक कलावंताच्या कामावर दोनचार वाक्ये. आठ-दहा परीक्षणे सलग वाचली की हा साचा जाणवतो. वाचकाला तो नकोसा होत नसे, याचे कारण त्या साच्यातून वाहणारी भाषा.

ती भाषा इंग्रजी असली तरी तिचा पिंड इंग्रजी वृत्तपत्रांतील संयत परीक्षणांचा नव्हता. अतिशयोक्ती, उपहास, तुच्छतादर्शक उपमा, मधूनच एखादी अस्सल ग्रामीण कोपरखळी, आणि सरळ वाचकाकडे तोंड करून बोलण्याची सवय, ही तिची लक्षणे होत. तमाशातील सोंगाड्याची हजरजबाबी वृत्ती त्यांच्या गद्यात उतरली आहे असे म्हटल्यास ते फारसे वावगे ठरणार नाही. निर्मात्याचे नाव मोठे आहे म्हणून त्यांनी शब्द आवरता घेतल्याची उदाहरणे थोडी आहेत. मोठ्या नावांवर तुटून पडण्यात त्यांना रस वाटे, आणि वाचकालाही तेच हवे असे.

पटेल यांच्या समीक्षेचे खरे सामर्थ्य तपशिलांत आहे. कथेतील कार्यकारणभाव तुटला, पात्राच्या सामाजिक परिस्थितीशी त्याची वेशभूषा जुळली नाही, पौराणिक कथेत आधुनिक नेपथ्य घुसले, गाणे केवळ गायिकेच्या सोयीसाठी आले, तर ते नेमके बोट ठेवत. प्रेक्षकाने दिलेल्या पैशाचा मोबदला त्याला मिळाला पाहिजे, ही त्यांची मूळ भूमिका होती. ती ग्राहकाची भूमिका आहे, रसिकाची नव्हे, असा आक्षेप घेता येईल. पण १९३५ मध्ये भारतीय प्रेक्षकाच्या बाजूने इतक्या आग्रहाने बोलणारे दुसरे नियतकालिक क्वचितच होते.

या समीक्षेच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. चित्रचौकटीची रचना, संकलनाची लय, ध्वनी व प्रतिमा यांचा परस्परसंबंध अशा चित्रपटकलेच्या खास घटकांकडे पटेल यांचे लक्ष क्वचितच गेले. त्यांच्या दृष्टीने चित्रपट म्हणजे उत्तम सांगितलेली, उत्तम अभिनय केलेली आणि समाजहिताला पोषक अशी गोष्ट. याहून गंभीर दोष म्हणजे नट्यांविषयीचे त्यांचे लेखन. स्त्री कलावंतांच्या रूपावर, वयावर, शरीरयष्टीवर आणि खाजगी आयुष्यावर त्यांनी जे लिहिले, त्यातील पुष्कळ भाग आज वाचवत नाही. तो त्या काळचा रिवाज होता असे समर्थन कधीकधी केले जाते. ते पुरेसे नाही, कारण त्याच काळात ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या दैनिकात ख्वाजा अहमद अब्बास चित्रपटपरीक्षणे लिहीत होते, आणि असे शेरे न मारताही परखड लिहिता येते हे त्यांनी दाखवून दिले होते. विख्यात अभिनेत्री व गायिका शांता आपटे यांनी बदनामीकारक मजकुराचा जाब विचारण्यासाठी मासिकाच्या कार्यालयात जाऊन पटेल यांना छडीने मारले, अशी हकीकत चित्रपटसृष्टीत वर्षानुवर्षे सांगितली जाई. तिच्या तपशिलांत सांगणाऱ्यागणिक फरक पडत गेला. ती बहुधा गंमत म्हणून सांगतात. ज्या अभिनेत्रीने १९३९ मध्ये आपल्या करारासंबंधीच्या तक्रारीसाठी प्रभातच्या फाटकापाशी उपोषण केले, तिच्या बाजूने पाहिल्यास ही हकीकत गमतीची राहत नाही.

स्वातंत्र्य व हितसंबंध : ‘फिल्मइंडिया’ कोणालाही भीत नाही अशी त्याची ख्याती होती, आणि ती बऱ्याच अंशी खरी होती. परंतु मासिकाचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचे, व जाहिराती देणारे त्याच चित्रपटांचे निर्माते. एका पानावर चित्रपटाची भव्य रंगीत जाहिरात आणि काही पानांनंतर त्याच निर्मात्याच्या कृतीची चिरफाड, असे दृश्य या मासिकात दिसते. त्याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. पटेल जाहिरातीला विकले जात नसत, हा एक. आणि त्यांच्या लेखणीच्या भीतीमुळे जाहिरात देणे निर्मात्यांना भागच पडत असे, हा दुसरा. दोन्ही अर्थांत तथ्य असावे. मासिकाच्या आरंभीच्या काळात पटेल यांचे प्रभात फिल्म कंपनीशी व विशेषतः व्ही. शांताराम यांच्याशी निकटचे संबंध होते, आणि प्रभातच्या चित्रपटांबद्दल तेव्हा ‘फिल्मइंडिया’त आदराने लिहिले गेले. ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९) हे चित्रपट त्या आदरास पात्र होते यात शंका नाही. तरीही स्नेहाचा आणि अभिप्रायाचा धागा सुटा करून दाखविणे अभ्यासकाला कठीण जाते. कालांतराने हा स्नेह ओसरला.

हा पेच सर्वांत उघडपणे दिसला तो समीक्षक पुन्हा दिग्दर्शक झाला तेव्हा. गायिका सुशीलाराणी तोंबट यांच्याशी पटेल यांचा विवाह झाला होता. त्यांना प्रमुख भूमिकेत घेऊन पटेल यांनी ‘द्रौपदी’ (१९४४) व ‘ग्वालन’ (१९४६) हे चित्रपट काढले. दोन्हींना अपेक्षित यश मिळाले नाही. दुसऱ्यांच्या चित्रपटांना वर्षानुवर्षे लावलेली मोजपट्टी आता त्यांच्याच चित्रपटांना लावली गेली, आणि दुखावलेल्या मंडळींना त्याचा आनंद झाला हे स्वाभाविकच होते. सुशीलाराणींना या चित्रपटांपेक्षा अधिक मान मिळाला तो संगीतात. मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडे त्यांची तालीम झाली होती. पुढे संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही त्यांना लाभला. ‘फिल्मइंडिया’च्या लेखनात व व्यवस्थेत त्यांचा वाटा मोठा होता. मासिकाचे श्रेय मात्र बराच काळ एकट्या बाबूरावांच्या नावावर जमा होत राहिले.

परदेशी चित्रपटांविरुद्धची मोहीम : पटेल यांच्या कारकीर्दीतील निःसंशय महत्त्वाचे कार्य म्हणजे भारताची विटंबना करणाऱ्या ब्रिटिश व अमेरिकन चित्रपटांविरुद्ध त्यांनी उघडलेली आघाडी. झोल्टान कोर्डा यांचा ‘द ड्रम’ हा वायव्य सरहद्दीवरील कथेचा चित्रपट १९३८ मध्ये मुंबईत प्रदर्शित झाला, तेव्हा त्याविरुद्ध तीव्र निदर्शने झाली आणि तो मागे घ्यावा लागला. पुढील वर्षी हॉलिवुडच्या ‘गंगा दीन’वर मुंबई व बंगाल प्रांतांत बंदी आली. या चित्रपटांत भारतीय माणूस एक तर कपटी, नाही तर साहेबाचा इमानी सेवक असे. ‘फिल्मइंडिया’ने या विषयावर सातत्याने लिहिले, दृश्यांचे दाखले दिले आणि सरकारच्या परीक्षण मंडळाला धारेवर धरले. ब्रिटिश अमलातील हे मंडळ भारतीय चित्रपटातील गांधीटोपी किंवा चरखा पाहून कात्री चालवी, पण परदेशी चित्रपटातील भारतीयांच्या अपमानाकडे दुर्लक्ष करी, हा विरोधाभास पटेल यांनी पुनःपुन्हा पुढे आणला. चित्रपटातील प्रतिमा ही राजकीय बाब आहे, हा विचार विद्यापीठांतून मांडला जाण्यापूर्वी कितीतरी वर्षे एका मासिकाने तो सामान्य वाचकापुढे ठेवला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मचा तुटवडा पडला. १९४३ मध्ये सरकारने कथापटाची लांबी ११,००० फुटांपर्यंत मर्यादित केली आणि फिल्मचे वाटप परवान्यांनी होऊ लागले. युद्धातील नफ्याचा पैसा याच वेळी चित्रपटधंद्यात शिरला, तारकांचे मोबदले वाढले आणि जुन्या, पगारी नटसंच बाळगणाऱ्या चित्रसंस्था डळमळू लागल्या. या स्थित्यंतराची महिन्यामहिन्याची नोंद ‘फिल्मइंडिया’च्या अंकांत सापडते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ती इतकी जिवंत मिळणार नाही.

वाचकवर्ग : मुंबईबाहेरच्या वाचकाच्या दृष्टीने या मासिकाचे स्थान निराळे होते. जिल्ह्याच्या गावी नवा बोलपट मुंबई-पुण्यानंतर पुष्कळ दिवसांनी पोहोचे, आणि खेड्यांतून तर तो जत्रेच्या मोसमात तंबूतील पडद्यावरच दिसे. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याचे उदाहरण घेतल्यास, दुष्काळी पट्ट्यातील गावांना वर्षाकाठी एखाददुसऱ्या जत्रेत फिरत्या चित्रपटगृहाचे दर्शन होई. तेथे चित्रपटाची निवड करण्याचा प्रश्न नव्हता. शहरातील शिक्षित तरुणाला मात्र वाचनालयात अगर स्नेह्याकडे ‘फिल्मइंडिया’चा अंक मिळाला, तर चित्रपट येण्याआधीच त्याचा निकाल हाती येई. कित्येक चित्रपट त्याला पाहावयास मिळत नसत. परीक्षणच काय ते मिळे. अशा वाचकाच्या मनात त्या चित्रपटाचे जे चित्र तयार होई ते सर्वस्वी पटेल यांचे असे.

याच नगर शहरात एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले शाहू मोडक (१९१८–१९९३) हे त्या काळातील आघाडीचे नट होते. ‘श्यामसुंदर’ (१९३२) मधील बालकृष्णापासून त्यांची कारकीर्द सुरू झाली. ‘माणूस’मधील पोलीस शिपाई गणपत आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) मधील ज्ञानेश्वर या भूमिकांनी ती कळसाला पोहोचली. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते गाव नगर जिल्ह्यातच आहे, हा योग स्थानिक अभिमानाचा विषय ठरला. एकाच नटाने वर्षभराच्या अंतराने वेश्येच्या प्रेमात पडलेला शिपाई आणि संतकवी अशा दोन टोकांच्या भूमिका केल्या. असे काम कसे पाहावे, कोठे नट दिसतो व कोठे पात्र, याविषयी बोलण्याची परिभाषा सामान्य प्रेक्षकाला हवी होती. नाटकाच्या परीक्षणांतून ती मराठीत काही प्रमाणात तयार झाली होती. चित्रपटासाठी ती घडविण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत पटेल यांच्या कलावंतवार अभिप्रायांचा समावेश करावा लागतो, मग ते अभिप्राय कितीही त्रोटक असोत.

प्रश्नोत्तरांच्या सदराने पटेल यांना सर्वाधिक लोकप्रियता दिली. चित्रपट, प्रेम, विवाह, राजकारण, आरोग्य, देवधर्म असे कोणतेही प्रश्न देशाच्या कानाकोपऱ्यांतून येत आणि संपादक त्यांना एका-दोन ओळींत उत्तर देत. उत्तरांत चातुर्य असे, कधी करुणा असे, आणि कित्येकदा निव्वळ फटकळपणा असे. पुढे अनेक भारतीय भाषांतील चित्रपट-नियतकालिकांनी हे सदर उचलले, आणि मराठी साप्ताहिकांतील खुसखुशीत प्रश्नोत्तरांमागेही हाच नमुना दिसतो.

राजकीय लेखन : देशाच्या फाळणीनंतर पटेल यांच्या लेखनाला कडवट राजकीय वळण लागले. पंडित नेहरूंच्या शासनावर त्यांनी सतत टीका केली. तिचा काही भाग ‘बर्निंग वर्ड्‌स’ (१९५६) या ग्रंथात संकलित आहे. ‘ग्रे डस्ट’ व ‘द रोझरी अँड द लँप’ ही त्यांची अन्य पुस्तके; होमिओपॅथीच्या घरगुती उपचारांवरही त्यांनी एक पुस्तक लिहिले. चित्रपटाचे मासिक हळूहळू राजकारणाचे मासिक होत गेले. पाकिस्तान व भारतातील मुसलमान यांच्यासंबंधी त्यांनी लिहिलेला मजकूर द्वेषमूलक आहे, आणि त्याची झळ चित्रपटपरीक्षणांनाही लागली. १९६०-६१ च्या सुमारास ‘फिल्मइंडिया’ बंद होऊन त्याची जागा ‘मदर इंडिया’ या मासिकाने घेतली. कॅथरिन मेयो यांचे भारतनिंदक पुस्तक (१९२७) व मेहबूब खान यांचा चित्रपट (१९५७) यांच्यानंतर त्याच नावाची ही तिसरी प्रसिद्ध कृती होय. तिघांत नावापलीकडे साम्य नाही. १९६७ मध्ये मध्य प्रदेशातील शाजापूर मतदारसंघातून भारतीय जनसंघाच्या वतीने पटेल लोकसभेवर निवडून आले आणि १९७० अखेर ती लोकसभा विसर्जित होईपर्यंत सदस्य होते. चित्रपटाशी त्यांचा संबंध तोवर नाममात्र उरला होता.

दरम्यान चित्रपटसमीक्षा त्यांना मागे टाकून पुढे गेली. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आदींनी १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. १९५९ मध्ये अशा संस्थांचा अखिल भारतीय महासंघ झाला. १९६० मध्ये पुण्यास, प्रभातच्याच जागेत, चित्रपटशिक्षणाची शासकीय संस्था उभी राहिली आणि तेथे सतीश बहादुर यांनी चित्रपट-रसास्वादाचे अध्यापन रुजविले. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ निघाले. त्याचे एक संस्थापक सुधीर नांदगावकर यांनी मराठीत चित्रपटसमीक्षा लिहून आणि जिल्ह्याजिल्ह्यांत चित्रपट-मंडळांना चालना देऊन २०२३ मधील आपल्या निधनापर्यंत ही चळवळ चालविली. अरुण खोपकर यांच्या ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ (१९८५) या ग्रंथात मराठी चित्रपटसमीक्षेने प्रतिमा, प्रकाश व अवकाश यांचे विश्लेषण ज्या सूक्ष्मतेने केले, तिचा मागमूस पटेल यांच्या लेखनात नाही. या नव्या समीक्षकांपैकी बहुतेकांनी पटेल यांचे ऋण मान्य केले नाही, आणि रीतीच्या दृष्टीने तसे ऋण फारसे नव्हतेही.

मृत्यू व स्मरण : पटेल यांचे १९८२ मध्ये निधन झाले. त्या वेळी त्यांच्या वाचकांच्या दोन पिढ्या परस्परांना अनोळखी होत्या. वयस्कांना ‘फिल्मइंडिया’चा संपादक आठवत होता, तरुणांना ‘मदर इंडिया’चा. चित्रपटसमीक्षकांना राष्ट्रीय पुरस्कार देण्याची प्रथा १९८० नंतरच्या दशकात सुरू झाली. तिचा लाभ त्यांना मिळणे शक्य नव्हते, आणि मिळाला असता तरी त्यांनी तो स्वीकारताना पुरस्कार-समितीची खिल्ली उडविली असती.

त्यांचे सर्वांत टिकाऊ व्यक्तिचित्र त्यांच्या हयातीतच, सीमेपलीकडून लिहिले गेले. उर्दू कथाकार सआदत हसन मंटो यांनी फाळणीनंतर लाहोरहून मुंबईच्या दिवसांतील परिचितांवर जे लेख लिहिले, ते ‘गंजे फरिश्ते’ (१९५२) या संग्रहात आहेत. त्यांत बाबूराव पटेल यांच्यावरील लेख आहे. स्नेह, कुतूहल आणि फाळणीनंतरच्या त्यांच्या लेखनाविषयीची वेदना अशा तिन्ही गोष्टी त्यात एकत्र येतात. मृत्युलेखांतून सहसा न सापडणारा तोल मंटोंना जिवंत माणसाविषयी लिहितानाच साधला. सुशीलाराणी २०१४ पर्यंत हयात होत्या. त्यांनी पाली हिलवरील ‘गिरनार’ या निवासस्थानी मासिकाचे जुने खंड व आठवणी जपल्या. त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी सिद्धार्थ भाटिया यांचा पटेल दांपत्यावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. शीर्षकात दोघांना एकत्र घेऊन त्याने जुना अन्याय थोडा दूर केला. मराठीत पटेल यांचे सविस्तर चरित्र वा त्यांच्या परीक्षणांचा निवडक अनुवाद झाला, तर मासवणच्या या लेखकाचा परिचय त्याच्या स्वभाषेतील वाचकांना होऊ शकेल.

स्मरणाचा दुसरा प्रकार अभ्यासकांच्या टेबलावर चालतो. भारतात तेराशेंहून अधिक मूकपट तयार झाले, त्यांपैकी पुणे येथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना १९६४, २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन) पूर्ण वा अंशतः टिकलेल्यांची संख्या जेमतेम तीसच्या आसपास आहे. ‘आलम आरा’ची एकही प्रत उपलब्ध नाही. नायट्रेट फिल्म ज्वलनशील असते व कालांतराने विरघळते. तिच्यातील चांदी मिळविण्यासाठी जुन्या प्रती विकून टाकल्या जात. आणि जे वाचले त्यातील काही भाग २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत गेला. १९३५ ते १९५० या काळातील शेकडो बोलपट अशा रीतीने नाहीसे झाले आहेत. त्यांच्यासंबंधी जी माहिती उरली, ती प्रसिद्धिपुस्तिका, ध्वनिमुद्रिका, परीक्षण मंडळाच्या नोंदी आणि ‘फिल्मइंडिया’चे अंक यांत. या अंकांपैकी १९३० व १९४० च्या दशकांतील अनेक अंकांची संगणकीय प्रतिरूपे आता सर्वांस खुली झाली असून, नगरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या विद्यार्थ्यालाही ती पाहता येतात.

संशोधक या पानांवर येतो तो बहुधा चौकटीसाठी. एखाद्या हरवलेल्या बोलपटाचा छायालेखक कोण होता, गीते कोणाची होती, तो मुंबईत कोणत्या चित्रगृहात कोणत्या तारखेला लागला, हे त्याला तेथे सापडते. त्या काळी ज्या मजकुरासाठी अंक हातोहात फिरत तो चौकटीच्या खाली असतो. तो बहुधा प्रतिकूल असतो, आणि चित्रपट पाहून तो पडताळण्याची सोय आता राहिलेली नाही.